‘मी करलं!’ आणि यंत्राची शाळा

माझी भाची अडीच वर्षांची असताना खेळणी टोपलीत भरून झाली की छाती पुढे काढून सांगायची, ‘‘मी करलं!’’ घरात ‘करलं’ कुणी म्हणत नाही. ‘बसलं’, ‘पडलं’, ‘उठलं’ ऐकून तिनेच एक नियम बसवला आणि तो ‘कर’ला लावून टाकला. गंमत म्हणजे काही महिन्यांपूर्वी ती बिनचूक ‘केलं’ म्हणायची. आधी बरोबर, मग चूक, मग पुन्हा बरोबर. पोपटपंची संपून खरं शिकणं सुरू झाल्याची ही खूण.

1986 साली डेव्हिड रुमेलहार्ट आणि जेम्स मॅक्लेलँड या मानसशास्त्रज्ञांनी अशीच चूक यंत्राकडून करवून घेतली. चेतापेशींची ढोबळ नक्कल करणाऱ्या एका जाळ्याला ते इंग्रजी क्रियापदांचा भूतकाळ शिकवत होते. नियम एकही सांगितला नाही. क्रियापद द्यायचं, उत्तर बघायचं, चुकलं तर आतल्या जोडण्या किंचित सैल-घट्ट करायच्या, एवढंच. जाळं आधी ‘कम’चं ‘केम’ नीट म्हणू लागलं, मग मध्येच ‘कम्ड’वर घसरलं आणि पुढे सावरलं. बघणाऱ्यांना वाटलं, हे तर अगदी लहान मूलच.

दोन वर्षांनी स्टीव्हन पिंकर आणि ॲलन प्रिन्स या भाषेच्या अभ्यासकांनी बोट ठेवलं ते अभ्यासक्रमावर. जाळ्याला आधी फक्त 10 क्रियापदं दिली होती, त्यातली बहुतेक अनियमित. मग एकदम 410 ओतली, त्यातली बहुतेक नियमित. गोंधळ उडणारच! कुठल्याही मुलावर क्रियापदांचा असा धबधबा एके दिवशी कोसळत नाही. म्हणजे त्या गाजलेल्या चुकीत विद्यार्थ्याइतकाच धडे लावणाऱ्याचाही हात होता.

एजीआयच्या चर्चा ऐकताना मला ही जुनी कुरबुर हटकून आठवते. एजीआय म्हणजे ‘आर्टिफिशियल जनरल इंटेलिजन्स’: एकाच कामापुरतं तरबेज नव्हे, तर माणसासारखं कुठलंही नवं काम शिकून घेणारं यंत्र. त्याबद्दलचा सगळा वाद मेंदू केवढा हवा यावर चालतो. शिकवायचं कसं, हा प्रश्न मागच्या बाकावर.

संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंगने मात्र तो 1950 मध्येच विचारला होता. ‘माइंड’ या नियतकालिकातल्या लेखात तो म्हणतो, प्रौढाच्या मनाची नक्कल करण्यापेक्षा मुलाचं मन बनवा आणि त्याला शिकवा. मुलाचा मेंदू त्याला दुकानातल्या वहीसारखा वाटला: यंत्रणा थोडी, कोरी पानं भरपूर. (वही इतकी कोरी नसते, हे कुठलीही आई सांगेल.) यंत्राला शाळेत पाठवलं तर बाकीची पोरं त्याची टर उडवतील, हीसुद्धा त्याची काळजी. असं एक यंत्र आपण शिकवून पाहिलं, पण पद्धत इतकी जगावेगळी होती की त्याला यश म्हणवत नाही, अशी कबुलीही तो देऊन टाकतो.

याच्या उलट वाट डग्लस लेनाट या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधकाने धरली. 1984 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला त्याने ‘सायक’ नावाचा प्रकल्प सुरू केला. माणसाला सांगावं लागत नाही ते सगळं यंत्राला एकेक करून लिहून द्यायचं. पाणी ओलं असतं, मेलेला माणूस बाजारात जात नाही, अशा थाटाचं. सायकला माहीत होतं की माणसाच्या अंगात विजेचे भाग नसतात. मग त्याच्यापुढे फ्रेड नावाचा माणूस आला, इलेक्ट्रिक रेझरने दाढी करणारा. सायकने विचारलं, दाढी करताना फ्रेड माणूसच असतो ना? प्रश्न तर्काला धरून आहे, म्हणून तर हसू येतं. दशकानुदशकं नोंदी वाढत गेल्या, पण अशी भोकं बुजवायची तरी किती?

बक्षिसाचा मार्गही वाटतो तितका सरळ नाही. 2016 मध्ये ‘ओपनएआय’च्या संशोधकांनी एका यंत्राला होड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम शिकवला. बक्षीस होतं गुणांना, आणि गुण मिळत वाटेतल्या खुणांना धडकल्यावर. होडीने एक आडोसा शोधला, जिथे तीन खुणा पुन्हा पुन्हा उगवत. तिथेच ती गोल गोल फिरत राहिली. आग लागली, इतर होड्यांवर आपटली, शर्यत काही संपवली नाही. गुण मात्र माणसांपेक्षा सरासरी 20 टक्के जास्त! परीक्षेपुरता अभ्यास म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

चॅटजीपीटीमागे असतात तशी आजची भाषा-प्रारूपं ढोबळमानाने दोन टप्प्यांत शिकतात. आधी अफाट मजकूर वाचून पुढचा शब्द ओळखायचा. मग माणसं उत्तरांची तुलना करून कुठलं चांगलं ते सांगतात आणि त्या पसंतीचंच बक्षीस बनतं. 2022 मध्ये सुमारे 40 माणसांच्या अशा शिकवणीनंतर 130 कोटी जोडण्यांच्या प्रारूपाची उत्तरं लोकांना अशी शिकवणी न मिळालेल्या, 17,500 कोटी जोडण्यांच्या ‘जीपीटी-3’ या प्रारूपापेक्षा जास्त आवडली. शिकवणीत किती दम असतो, ते इथे दिसतं. पण लोकांना आवडलेलं उत्तर खरं असेलच असं नाही. होडीच्या गुणांसारखंच हे.

शिवाय आधीच्या वाचनाचं प्रमाण बघा. जीपीटी-3ला सुमारे 30,000 कोटी शब्द-तुकडे वाचायला घातले होते. मूल बारा-तेरा वर्षांचं होईपर्यंत फार तर दहा कोटींच्या आसपास शब्द ऐकतं. त्यात व्याकरणाची शिकवणीही नसते. भाची ‘करलं’ म्हणाली की तिची आई म्हणायची, ‘‘हो? तू केलंस?’’ चूक दाखवायची नाही, बरोबर रूप मात्र कानावर पडायचं.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी 2024 मध्ये हे अंतर कमी करून पाहिलं. ऑस्ट्रेलियातल्या एका बाळाच्या डोक्यावर सहा महिन्यांचा असल्यापासून पंचवीस महिन्यांचा होईपर्यंत अधूनमधून कॅमेरा बांधला होता. त्यातल्या 61 तासांच्या चित्रणावर, बाळाने पाहिलं-ऐकलं तेवढ्यावरच, त्यांनी जाळं शिकवलं. चार चित्रांतून सांगितलेली वस्तू ओळखायची, अशा चाचणीत ते सुमारे 62 टक्के वेळा बरोबर आलं. नुसत्या अंदाजाने 25 टक्के आलं असतं. ‘चेंडू’ हा शब्दही त्याला जमला. मात्र चेंडू लोटून तो कुठे जातो ते बघणं त्याच्या अभ्यासक्रमात नव्हतं.