एव्हिऑनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक उड्डाण-उपकरण प्रणाली

विमानातील संदेशवहन, दिशादर्शन, हवामान रडार, ऑटोपायलट आणि वैमानिकासमोरचे पडदे या साऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांना मिळून एव्हिऑनिक्स म्हणतात. त्यांपैकी पडद्यांची व्यवस्था म्हणजे इलेक्ट्रॉनिक उड्डाण-उपकरण प्रणाली, अर्थात ईएफआयएस. प्रवासी विमानांत तिने 1980 च्या दशकात बोइंग 767, एअरबस ए310 यांपासून गोल तबकड्यांची जागा घेतली. जून 2025 मध्ये सोलापूरहून गोव्याची सेवा सुरू झाली, ती एटीआर 72-600 विमानाने. त्याच्या कॉकपिटमध्ये असे पाच एलसीडी पडदे असतात.

मुख्य पडद्यावर वर निळे आकाश, खाली तपकिरी जमीन आणि मधे क्षितिजाची रेषा दिसते. डावीकडे वेगाची, उजवीकडे उंचीची पट्टी सरकत असते; दिशा खाली. विमान कलले की क्षितिज कलते.

उंचीचा आकडा नीट समजून घ्यायला हवा. तो बाहेरच्या हवेच्या दाबावरून संगणक काढतो. त्यासाठी स्थानिक दाब समुद्रसपाटीवर किती भरेल, याचा हिशेब करून तो आकडा नियंत्रण कक्ष कळवतो आणि वैमानिक तो यंत्रात भरतो. म्हणजे पडद्यावरची उंची समुद्रसपाटीपासूनची असते. म्हणून सोलापूर विमानतळाच्या होटगी रस्त्यावरच्या धावपट्टीवर उभ्या विमानातही 1,500 फुटांहून जास्त उंची दिसते. सोलापूर पठारावर आहे. हेक्टोपास्कल हे हवेच्या दाबाचे एकक; जमिनीलगत दाबात 1 हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे उंचीत 27-28 फूट. खऱ्यापेक्षा 10 हेक्टोपास्कल जास्त भरले, तर विमान पडद्यावरच्या आकड्यापेक्षा पावणेतीनशे फूट खाली असते. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी साधारण तेवढीच, म्हणजे सुमारे 90 मीटर उंच होती. उड्डाणमार्गातील अडथळा म्हणून ती जून 2023 मध्ये पाडली, तेव्हा शहरात मोठा वाद झाला. उंचीच्या हिशेबात तीनशे फूट किती महत्त्वाचे, हे सोलापूरकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

वेगाचा आकडा पिटो नळीतून येतो. समोरून येणाऱ्या हवेचा दाब ही नळी टिपते. तिच्यात बर्फ किंवा किडे अडकले, तर पडदा कितीही स्वच्छ असला तरी आकडा चुकतो. 1 जून 2009 रोजी अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या ए330 च्या पिटो नळ्या बर्फाने बुजल्या, वेगाचे आकडे बिघडले, ऑटोपायलट आपोआप बंद झाला. पुढे विमान समुद्रात कोसळले आणि 228 जण गेले. अशा धोक्यांमुळे नळ्यांना विजेची ऊब दिलेली असते आणि दोन्ही वैमानिकांच्या पडद्यांना वेगवेगळ्या नळ्यांतून माहिती मिळते. दोन्हींत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त तफावत पडली की पडद्यावर इशारा उमटतो. मग तिसऱ्या, स्वतंत्र राखीव उपकरणाशी आकडे ताडून पाहतात.