चेहऱ्याचे सीरम : त्वचेच्या तक्रारीनुसार निवड

चेहऱ्याचे सीरम म्हणजे चेहरा धुतल्यावर आणि मॉइश्चरायझर लावण्याआधी लावायचा पातळ, हलका द्राव. त्यात एखाददुसरा क्रियाशील घटक बऱ्यापैकी प्रमाणात असतो. क्रीममध्ये असणारे मेण, जड तेले आणि घट्टपणा आणणारे पदार्थ कमी असतात. सीरम या एकाच नावाखाली निरनिराळे पदार्थ विकले जातात : पाण्यात विरघळवलेले, तेलात विरघळवलेले, सिलिकोनवर आधारलेले आणि पातळ दुधासारखे. त्यामुळे ‘सगळ्यांत चांगले सीरम कोणते’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. ‘कोणत्या तक्रारीसाठी’ हे ठरल्याशिवाय बाटली निवडता येत नाही, आणि सीरम वाया जाण्याचे नेहमीचे कारणही तेच असते : घटक चांगला, पण तक्रार दुसरीच.

आधी तक्रार ओळखणे

त्वचेचा प्रकार घरीच कळतो. सौम्य फेसवॉशने चेहरा धुवावा, टिपून कोरडा करावा आणि तासभर काहीही लावू नये. सगळा चेहरा ओढल्यासारखा वाटला तर त्वचा कोरडी; कपाळ, नाक आणि हनुवटीवरच चमक आली तर मिश्र; गालांवरही तेल आले तर तेलकट. चेहरा चकचकीत आहे आणि तरीही ओढल्यासारखा वाटतो, अशी चौथी अवस्थाही असते. तिथे तेल भरपूर आणि पाणी कमी असते. दिवसातून चार-चार वेळा चेहरा धुणाऱ्यांत ती वारंवार दिसते.

साधे मॉइश्चरायझर लावल्यावरही चुरचुरत असेल तर त्वचेचे वरचे संरक्षक आवरण बिघडलेले आहे असे समजावे. अशा वेळी ग्लायकॉलिक, सॅलिसिलिक यांसारखे आम्ल, रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चे एक रूप) किंवा व्हिटॅमिन सी सुरू करू नये. दोन ते चार आठवडे सौम्य फेसवॉश, सेरामाइड (त्वचेच्या आवरणातले स्निग्ध द्रव्य) असलेले मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढेच ठेवावे. चुरचुर थांबल्यावर सीरमचा विचार करावा.

खरा घोटाळा ‘डाग’ या शब्दात आहे. आपण एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी सांगतो. मुरूम गेल्यावर उरलेला तपकिरी डाग रंगद्रव्याचा असतो. लालसर किंवा जांभळट डाग त्वचेतील बारीक रक्तवाहिन्यांमुळे दिसतो. खड्डा हा मुळात डाग नसून व्रण असतो. आणि दोन्ही गालांवर, कपाळावर किंवा वरच्या ओठावर जवळजवळ सारखा पसरलेला करडा-तपकिरी पट्टा म्हणजे वांग. तपकिरी आणि लाल डागातला फरक पारदर्शक काचेने पाहता येतो : स्वच्छ काचपेल्याची बाजू डागावर हलकेच दाबली की लाल डाग फिका पडतो, तपकिरी तसाच राहतो. रंग उतरवणारे सीरम तपकिरी डागावर चालते. लाल डागावर त्याचा फारसा परिणाम होत नाही, आणि खड्डा तर कोणतेच सीरम भरून काढत नाही.

पुरळाचेही तसेच. ब्लॅकहेड्स आणि व्हाइटहेड्स म्हणजे तुंबलेली रंध्रे. लाल, दुखरे, पू धरणारे फोड म्हणजे दाह. कपाळावर अचानक उठलेले, एकाच आकाराचे, खाजणारे बारीक पुरळ मात्र अनेकदा केसांच्या मुळांतील यीस्टमुळे येते. ते मुरमांच्या सीरमने हटत नाही, तेलकट सीरमने वाढू शकते. ते डॉक्टरांना दाखवावे.

कोणत्या तक्रारीला कोणता घटक

*नायसिनामाइड.* पहिलेच सीरम घ्यायचे असेल आणि तक्रार धड ठरत नसेल, तर हेच घ्यावे. रंगद्रव्याचे कण ज्या पेशींत तयार होतात तिथून वरच्या पेशींत जातात. नायसिनामाइड ही ने-आण कमी करते. त्वचेत सेरामाइड तयार होण्यासही मदत करते, म्हणून आवरण सुधारते. तेल कमी करण्यासाठी २ टक्के आणि डागांसाठी ४ ते ५ टक्के पुरते. १० टक्क्यांच्या सीरमने काहींचा चेहरा लाल होतो. त्यांना ५ टक्क्यांचे मानवते, म्हणून घटकच सोसत नाही असा निष्कर्ष काढण्याची घाई नको.

*व्हिटॅमिन सी.* निस्तेजपणा, उन्हाने आलेला काळवंडलेपणा आणि फिके डाग यांसाठी. त्याचे शुद्ध रूप एल-ॲस्कॉर्बिक आम्ल. ते त्वचेत शिरायचे तर द्रावाचा पीएच (आम्लतेचा आकडा; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) ३.५ पेक्षा कमी लागतो आणि प्रमाण १० ते २० टक्के. त्यापुढे शोषण वाढत नाही, चुरचुर तेवढी वाढते. १५ टक्के व्हिटॅमिन सी, १ टक्का व्हिटॅमिन ई आणि ०.५ टक्के फेरुलिक आम्ल हे मिश्रण अधिक टिकते आणि उन्हापासून मिळणारे संरक्षण सुमारे दुप्पट होते, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. बाजारातल्या अनेक सीरमांचा साचा तिथून आला आहे.

या घटकाची अडचण म्हणजे हवा, उजेड आणि उष्णता लागली की तो खराब होतो. बाटली उघडली त्या दिवशी एक थेंब पांढऱ्या बशीत टाकून त्याचा रंग नीट पाहून ठेवावा. काही सीरमे सुरुवातीपासूनच फिकट पिवळी असतात, त्यात बिघाड नाही. पुढे दर पंधरवड्याला तसाच थेंब पाहावा. तो गडद नारिंगी किंवा कोऱ्या चहासारखा तपकिरी झाला की व्हिटॅमिन सी बरेचसे संपलेले असते. असे सीरम उशीच्या अभ्र्यावर आणि बोटांच्या टोकांवर पिवळट छटा सोडते. नाजूक त्वचेला शुद्ध रूप सोसत नसेल तर सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट किंवा ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइड ही सौम्य, जास्त टिकणारी रूपे घ्यावीत. परिणाम मंद असतो.

*सॅलिसिलिक आम्ल.* ०.५ ते २ टक्के. ते तेलात विरघळते, म्हणून तेलाने तुंबलेल्या रंध्रात उतरते. ब्लॅकहेड्स आणि तेलकट त्वचेसाठी हा सरळ पर्याय. कोरड्या त्वचेवर रोज लावल्यास पापुद्रे सुटतात. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी टाळावे.

*ॲझेलाइक आम्ल.* याची जाहिरात कमी होते, पण मुरूम, त्यांचे तपकिरी डाग आणि लाली अशा तिन्हींवर ते काम करते. सौंदर्यप्रसाधनांत साधारण १० टक्के, औषधांत १५ ते २० टक्के. पहिले काही दिवस लावल्यावर काही मिनिटे खाज सुटते, मग सवय होते. ज्यांच्या त्वचेवर छोटा फोडही काळा डाग सोडून जातो त्यांनी याचा विचार आधी करावा.

*रेटिनॉल.* सुरकुत्या, खडबडीतपणा आणि जुने मुरूम यांसाठी. त्वचेत त्याचे आधी रेटिनाल्डिहाइड आणि मग रेटिनॉइक आम्ल होते. काम हे शेवटचे रूप करते. म्हणूनच डॉक्टर लिहून देतात ते ट्रेटिनॉइन, म्हणजे थेट रेटिनॉइक आम्ल, जास्त प्रखर असते. सुरुवात ०.१ ते ०.३ टक्क्यांनी, आठवड्यातून दोन रात्री करावी. युरोपीय संघाने २०२४ च्या नियमाने चेहऱ्याच्या प्रसाधनांतील रेटिनॉलची मर्यादा ०.३ टक्के ठरवली, त्यामुळे १ टक्क्याच्या मागे लागण्याचे कारण नाही. संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढे पुरते. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि पापण्या सोडाव्यात. तिथे आधी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दिला तरी चालतो. त्वचा सोलत असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग रेटिनॉल आणि वर पुन्हा मॉइश्चरायझर असे लावावे. गरोदरपणात आणि गर्भधारणेची तयारी असताना रेटिनॉल पूर्ण बंद.

*हायलुरॉनिक आम्ल.* हे १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गायीच्या डोळ्यातील जेलीसारख्या द्रवातून वेगळे केले. नाव काचेच्या ग्रीक शब्दावरून आले. ते पाणी धरून ठेवते, त्वचा लगेच टवटवीत दिसते. डाग किंवा पुरळ यांवर त्याचा उपयोग नाही. कोरड्या हवेत सुक्या चेहऱ्यावर लावून तसेच सोडले तर चेहरा उलट ओढतो. म्हणून ओलसर त्वचेवर लावून मिनिटभरात वर मॉइश्चरायझर लावावे.

ग्लायकॉलिक, लॅक्टिक आणि मँडेलिक ही आम्ले मृत पेशींचा वरचा थर सैल करतात. ग्लायकॉलिकचा रेणू सर्वांत लहान, म्हणून ते झटकन शिरते आणि जास्त झोंबते. मँडेलिक सर्वांत सावकाश. घरच्या वापरासाठी १० टक्क्यांच्या आत आणि पीएच ३.५ च्या वर असलेले सुरक्षित मानतात. यांमुळे त्वचा उन्हाला हळवी होते आणि वापर थांबवल्यावरही आठवडाभर तशीच राहते.

वांगासाठी ट्रानेक्झॅमिक आम्ल (२ ते ५ टक्के), ॲझेलाइक आम्ल आणि नायसिनामाइड वापरतात. पण वांग केवळ अतिनील किरणांनीच नव्हे, तर दृश्य प्रकाशानेही गडद होतो. त्यामुळे लोहाचे ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन नसेल तर महागडे सीरम दिवसभरात मिळवलेले गमावत राहते. प्रखर आम्लाने वांग घासून काढण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये. दाह झाला की तो आणखी काळा पडतो.

कोलॅजेनच्या सीरमबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. साधारण ५०० डाल्टनहून (डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक) मोठे रेणू निरोगी त्वचेतून सहसा आत जात नाहीत आणि कोलॅजेनचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा असतो. ते वर राहून ओलावा धरते, त्वचेतले कोलॅजेन भरून काढत नाही.

लेबल वाचणे

घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते. १ टक्क्याच्या खालचे घटक कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. इथे फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक उपयोगी पडते, कारण ते जास्तीत जास्त १ टक्काच घालण्याची मर्यादा अनेक देशांत आहे. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापलेले नायसिनामाइड यादीत फिनॉक्सिइथेनॉलनंतर आले, तर ते बहुधा १ टक्काही नाही. रेटिनॉल किंवा पेप्टाइड (प्रथिनांचे छोटे तुकडे) मात्र शेवटी असणे साहजिक आहे, कारण ती थोड्या प्रमाणातच लागतात. ‘१० टक्के’ म्हणजे घटक १० टक्के की त्याचे पातळ द्रावण १० टक्के, हेही पाहावे. हायलुरॉनिक आम्लाच्या बाबतीत ही फसगत नेहमी होते. संवेदनशील त्वचेसाठी सुगंध, लिंबूवर्गीय तेले आणि लिमोनीन, लिनालूल हे सुगंधी घटक नसलेले घ्यावे.

व्हिटॅमिन सी आणि रेटिनॉल अपारदर्शक, हवाबंद पंपाच्या बाटलीत असावे. ड्रॉपर उघडताना दर वेळी हवा आत जाते. उघड्या डबीच्या चिन्हात लिहिलेले ‘६ एम’ म्हणजे उघडल्यापासून सहा महिने.

लावण्याची रीत

नवे सीरम आधी कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर, ज्या वेळी ते चेहऱ्याला लावणार त्या वेळी, सात ते दहा दिवस लावून पाहावे. मग चेहऱ्यावर. तीन-चार थेंब तळहातावर घ्यावेत. ड्रॉपरचे टोक त्वचेला टेकवू नये, नाहीतर जंतू बाटलीत जातात. पातळ आधी, घट्ट नंतर, तेल सर्वांत शेवटी. सकाळी व्हिटॅमिन सी किंवा नायसिनामाइड, त्यावर मॉइश्चरायझर आणि किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन; रात्री रेटिनॉल किंवा ग्लायकॉलिक, सॅलिसिलिक यांसारखे आम्ल, दोन्ही एकाच रात्री नाही. नायसिनामाइड आणि व्हिटॅमिन सी एकत्र चालत नाहीत ही समजूत निराधार आहे. त्वचेला सोसत असेल तर एकावर एक लावता येतात.

एका वेळी एकच नवे सीरम सुरू करावे आणि पुढचे सुरू करण्याआधी किमान चार आठवडे जाऊ द्यावेत. तीन एकदम सुरू केली आणि चेहरा लाल झाला, तर गुन्हेगार सापडत नाही. ओलावा त्याच दिवशी दिसतो. मुरमांना सहा ते बारा आठवडे, तपकिरी डागांना आठ ते बारा आठवडे आणि सुरकुत्यांना तीन ते सहा महिने द्यावे लागतात. पंधरा दिवसांत बाटली बदलणाऱ्याला कोणताच घटक लागू पडत नाही.

काय बिघडते

चोळताना खोडरबराच्या कचऱ्यासारख्या गोळ्या सुटत असतील तर सीरम जास्त झाले आहे, आधीचा थर सुकलेला नाही किंवा सिलिकोनवर पाण्याचा थर दिला आहे. प्रमाण निम्मे करून मध्ये दोन मिनिटे थांबल्याने बहुतेक वेळा हे थांबते.

रेटिनॉल किंवा आम्ल सुरू केल्यावर नेहमीच्याच जागी मुरमे वाढली आणि चार-सहा आठवड्यांत ओसरली, तर आत तुंबलेले बाहेर पडले असे म्हणता येते. जिथे कधी मुरूम येत नव्हते तिथे पुरळ, सोबत खाज, आग किंवा सूज असेल तर ती प्रतिक्रिया आहे. त्याच दिवशी बंद करावे. ‘आग होते म्हणजे काम करते’ असे मानून पुढे रेटणे सावळ्या आणि गव्हाळ त्वचेला सर्वांत महागात पडते, कारण तिथे दाह ओसरला तरी मागे काळा डाग राहतो आणि तो जायला महिने लागतात.

डोळ्यांखालची काळी वर्तुळे अनेकदा खोलगट भागाची सावली किंवा पातळ त्वचेतून दिसणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. कॅफीनने सूज काही तास उतरते. सावली जात नाही. रंध्रे कायमची बंद करणारे सीरमही नाही. तेल आणि मळ कमी झाला की ती लहान दिसतात एवढेच. आणि एखादा एकटा डाग वाढत असेल, त्याच्या कडा वेड्यावाकड्या असतील, त्यात दोन-तीन रंग दिसत असतील किंवा त्यातून रक्त येत असेल, तर त्यावर काहीही न लावता तो त्वचातज्ज्ञाला दाखवावा. डाग फिका झाला तर निदान करणे अवघड होते.