काळजाचा तुकडा कुत्र्यापुढे

सवय नसलेल्या माणसाने सुपारी चघळली की कधी कधी घाम फुटतो, गरगरायला होतं. ‘सुपारी लागली’ म्हणतो आपण. लागतं ते सुपारीतलं अरेकोलीन. हेच अरेकोलीन १९६०च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये मेंढपाळांच्या कुत्र्यांना दिलं जात होतं. १९५९ साली तिथे त्यासाठी कायदा झाला होता. औषध पोटात गेलं की थोड्याच वेळात कुत्र्याला ढाळ होत आणि आतड्याला चिकटलेले जंत बाहेर पडत. मग ते ढाळ तपासून त्यात एक विशिष्ट जंत आहे का, हे पाहिलं जाई.

पट्टकृमी म्हटलं की कित्येक हात लांब, चपटी फीत डोळ्यांपुढे येते. हा मात्र जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा, २ ते ७ मिलिमीटरचा. नाव एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस. एका कुत्र्याच्या आतड्यात असे हजारो असू शकतात, तरी कुत्रा खातो, खेळतो, राखण करतो. वरून काही म्हणजे काही कळत नाही. लागण झाल्यावर साधारण सहा-सात आठवड्यांनी त्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी बाहेर पडू लागतात. ती गवतावर, पाण्यात, मळ्यातल्या भाजीवर, खुद्द कुत्र्याच्या केसांवर बसतात आणि थंड, ओलसर जागी महिनोन् महिने जिवंत राहतात. नेहमीच्या जंतुनाशकांना ती दाद देत नाहीत. उष्णतेपुढे मात्र टिकत नाहीत.

चरणाऱ्या मेंढीच्या, शेळीच्या, म्हशीच्या पोटात हे अंडं गेलं की आतड्यात ते फुटतं. आतली सूक्ष्म अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते. आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं, म्हणून बऱ्याच अळ्या तिथेच अडकतात. सुटल्या तर फुप्फुसात. अडकलेल्या जागी अळी स्वतःभोवती पाण्याने भरलेली एक पिशवी विणते. हिलाच हायडॅटिड म्हणतात. पिशवीच्या आतल्या अस्तरातून नव्या कृमींची असंख्य डोकी कळ्यांसारखी फुटतात आणि तळाशी बारीक रेतीसारखी साचतात. जनावर मेलं किंवा कापलं, आणि ते काळीज, म्हणजे यकृत, कुत्र्याने खाल्लं, की त्या रेतीतल्या एकेका कणाचा एकेक कृमी होतो. चक्र पूर्ण.

माणूस या चक्रात चुकून सापडतो. मेंढीच्या पोटात जातं तेच अंडं त्याच्या पोटात गेलं की त्याच्याही यकृतात तशीच पिशवी वाढू लागते. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गाठ असलेली कलेजी खाऊन माणसाला हा आजार होत नाही. होतो तो कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यामुळे. त्यामुळे जन्मात मटण न खाल्लेल्या माणसालाही तो होऊ शकतो. न धुतलेली कोथिंबीर पुरते. कुत्र्याला कुरवाळून तोच हात तोंडात घालणारं मूल तर सहज सापडतं.

पिशवी अगदी सावकाश वाढते. लहानपणी पोटात गेलेलं अंडं तिशी-चाळिशीत त्रास देऊ लागतं. बरगडीखाली जडपणा, खोकला, कधी कावीळ. कित्येकदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती अचानक दिसते. शंभर रुग्णांतल्या सुमारे सत्तर जणांना ती यकृतात असते, वीस जणांना फुप्फुसात. शस्त्रक्रियेत सर्जन मोठी काळजी घेतो. पिशवी फुटली तर आतल्या पाण्याने जीवघेणी अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि सांडलेल्या रेतीतून पोटभर नव्या पिशव्या रुजू शकतात. अल्बेंडाझोल हे औषध आहे. सोनोग्राफीत पाहत सुईने पिशवी रिकामी करून तिच्यात कृमी मारणारं द्रव्य सोडण्याची पद्धतही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात कोणत्याही वेळी दहा लाखांहून जास्त माणसं एकायनोकॉकसच्या वेगवेगळ्या जातींमुळे होणाऱ्या आजारांनी ग्रासलेली असतात.

आता आइसलँडकडे वळू, कारण मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिथेच दिसते. १८६३ साली हाराल्ड क्राबे नावाचा डॅनिश डॉक्टर तिथे गेला. मेंढ्यांचा देश, घरोघरी कुत्री, आणि पोटात गाठी असलेली माणसं जिकडेतिकडे. त्याने शंभर कुत्र्यांची आतडी उघडून पाहिली. अठ्ठावीस कुत्र्यांत हा कृमी निघाला. क्राबेकडे औषध नव्हतं, लस नव्हती, सोनोग्राफी तर स्वप्नातही नव्हती. त्याने एक छोटी पुस्तिका लिहिली. आजार कुठून येतो, मेंढीच्या गाठी कुत्र्याला का घालायच्या नाहीत, त्यांचं काय करायचं, एवढंच. १८६४ मध्ये ती छापून घरोघरी फुकट वाटली गेली. आइसलँडची माणसं वाचणारी. त्यांनी ती वाचली आणि मनावर घेतली. पुढे कायदे आले, कुत्री पाळण्यावर बंधनं आली. राजधानी रेक्याविकमध्ये १९२४ पासून साठ वर्षं कुत्रं पाळायलाच बंदी होती. आज हा आजार तिथून नाहीसा झाला आहे.

पुस्तिकेच्या जोडीला आणखी एक गोष्ट झाली, तीही कोणी मुद्दाम न करता. आइसलँडच्या शेतकऱ्यांची पद्धत बदलली. मेंढ्यांचं दूध काढणं मागे पडलं आणि चार-पाच महिन्यांची कोकरं थेट कत्तलखान्यात जाऊ लागली. एवढ्या कोवळ्या जनावरात गाठ झालीच तरी ती पिकलेली नसते, तिच्यात रेती धरलेली नसते. कुत्र्याने ती खाल्ली तरी काही उगवत नाही.

हे वाचलं की आपल्या म्हशी आठवतात. आपल्याकडे म्हैस दूध आटल्यावर, वय झाल्यावर कापली जाते. तोवर तिच्यातल्या गाठीला पिकायला भरपूर वर्षं मिळालेली असतात. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी आपल्या भागातल्या कत्तलखान्यांत मिळालेल्या गाठींची जनुकं तपासली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात म्हशींशी जोडला जाणारा कृमीचा जी-३ हा वाण सर्वाधिक आढळला. मेंढ्यांचा म्हणून जगभर ओळखला जाणारा आजार आपल्याकडे गोठ्यातही आहे, असा याचा अर्थ.

त्यात गिधाडं गेली. पूर्वी गावाबाहेर टाकलेल्या जनावराचा ती तासा-दोन तासांत फडशा पाडत. पक्ष्याच्या पोटात हा कृमी वाढत नाही, त्यामुळे त्या गाठी तिथेच संपत. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे १९९०च्या दशकात गिधाडं पटापट मेली. २००६ साली त्या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली, तोवर आकाश रिकामं झालं होतं. मेलेली ढोरं आता कुत्र्यांच्या वाट्याला येतात, आणि त्यावर कुत्र्यांची संख्या वाढली असं अभ्यासक मांडतात. एका आजाराची वाट दुसऱ्याच औषधाने मोकळी करून दिली, हे मला फार अस्वस्थ करतं.

मेंढ्यांसाठी ईजी-९५ नावाची लस आहे, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेली. महिन्याच्या अंतराने दोन टोचण्या दिल्या तर सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळतं. कुत्र्यासाठी प्राझिक्वांटेल हे जंतांवरचं औषध आहे. ते अरेकोलीनपेक्षा कितीतरी सुरक्षित, कारण ते कृमीला आतड्यातच मारतं. पण आज गोळी दिली आणि उद्या त्याच कुत्र्याने पुन्हा कच्चं काळीज खाल्लं, तर लागण पुन्हा नव्याने. गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांना दर दीड महिन्याला गोळी कोण देणार?

म्हणून मी पुन्हा क्राबेच्या पुस्तिकेपाशी येतो. जीवशास्त्राच्या आकृतीत माणूस या चक्राच्या बाहेर असतो. कृमीला त्याची गरज नाही. पण मेंढीच्या पोटातली गाठ आणि कुत्र्याचं तोंड यांच्यामध्ये बहुतेक वेळा माणसाचाच हात असतो. रविवारी मटणाच्या दुकानासमोर दोन-तीन कुत्री बसलेली असतात. कलेजीत पाण्याचा फुगा दिसला की गिऱ्हाईक तेवढा तुकडा नको म्हणतं आणि खाटीक तो मायेने कुत्र्यांकडे भिरकावतो. धनगराच्या वाड्यावर जत्रेचं बकरं पडतं तेव्हाही असंच घडतं. रात्रभर मेंढरं राखणाऱ्या कुत्र्याचा तो हक्कच असतो, आणि तो कोणी मोडावा असं मीही म्हणणार नाही.

गाठीचा तुकडा कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात पुरावा किंवा जाळावा. बाकीचं काळीज, फुप्फुस अर्धा-पाऊण तास पाण्यात उकळावं. मग ते कुत्र्याला खुशाल घालावं. शिजलेलंही ते तेवढ्याच आवडीने खातं.