बेसबॉल कार्डांची संचपूर्ती

बेसबॉल कार्डांची संचपूर्ती : एखाद्या कंपनीने एका संचात काढलेली सगळी बेसबॉल कार्डे, म्हणजे खेळाडूंची चित्रे असलेली छापील कार्डे, एकही न वगळता, जमवण्याचा मुख्यतः अमेरिकेतील छंद. या छंदात ‘जुनी’ कार्डे म्हणजे ढोबळमानाने १९८० पूर्वीची. १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या उतरल्या, टॉप्स या कंपनीची मक्तेदारी मोडली आणि पुढे कार्डांचा महापूर आला. आवडत्या खेळाडूची कार्डे जमवणारा वेगळा आणि संच लावणारा वेगळा. संचवाल्याला नामवंत फलंदाज हवा असतो, तितकाच कुणाच्या लक्षातही न राहिलेला राखीव खेळाडू हवा असतो. अशा साध्या कार्डाला ‘कॉमन’ म्हणतात. संच अडून राहतो तो पुष्कळदा अशाच एखाद्या कॉमनपायी.

या छंदाला खतपाणी घातले ते कार्डामागच्या क्रमांकाने. क्रमांक दिसला की मधली रिकामी जागाही दिसते, आणि हे व्यापाऱ्यांनी लवकरच ओळखले. बॉस्टनच्या गाउडी गम कंपनीने १९३३ मध्ये च्युइंगमबरोबर २४० क्रमांकांचा संच काढला, पण १०६ क्रमांकाचे कार्ड छापलेच नाही. मुले पाकिटे फोडत राहिली. ज्यांनी कंपनीला पत्रे लिहिली त्यांना १९३४ मध्ये ते कार्ड टपालाने आले. त्यावर नॅप लाजोई हा कधीच निवृत्त झालेला खेळाडू होता. ही लबाडीच म्हणायची. पण तिच्यामुळे ते कार्ड आज त्या संचातले सर्वांत दुर्मिळ ठरले आहे. त्याच संचात नामवंत फलंदाज बेब रूथची चार कार्डे आहेत आणि ती त्यामानाने सहज सापडतात.

याउलट ‘टी२०६’ या संचाला क्रमांकच नाहीत. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात ही चिमुकली कार्डे सिगारेटच्या पाकिटांतून वाटली. हे नावही कंपनीचे नव्हे. सिरॅक्यूजच्या जेफरसन बर्डिक यांनी १९३९ पासून कार्डांची सूची प्रसिद्ध केली, तिच्यातला हा संकेत आहे. (बर्डिक यांचा तीन लाखांवर छापील वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.) यादी मागाहून तयार झाल्याने संच कधी पूर्ण मानायचा, हा वाद उरला. पूर्ण संख्या ५२४ धरतात, पण होनस वॅग्नर, एडी प्लँक, Magee ऐवजी Magie असे नाव चुकीचे छापलेला शेरी मॅगी आणि चुकीचा संघ छापलेला जो डॉइल ही चार दुर्मिळ कार्डे वगळून ५२० वर समाधान मानणारेच जास्त. डॉइलचे ते कार्ड वॅग्नरपेक्षाही विरळ आहे, तरी नाव होते ते वॅग्नरचेच.

टॉप्सचा १९५२ चा संच ४०७ कार्डांचा. कंपनीतल्या साय बर्गर आणि वुडी गेलमन यांनी तो घडवला. पहिली ३१० कार्डे जमवणे खर्चाचे असले तरी आवाक्यातले आहे. खरी चढण ३११ पासून लागते. ३११ ते ४०७ ही संचातली शेवटची मालिका, संग्राहकांच्या भाषेत ‘हाय नंबर’, हंगाम सरत आल्यावर दुकानांत पोचली. तोवर मुलांचे लक्ष अमेरिकन फुटबॉलकडे वळले होते. माल पडून राहिला. तो बोटीवर लादून १९६० मध्ये अटलांटिक महासागरात बुडवला, असे बर्गर पुढे सांगत. या मालिकेतले पहिलेच कार्ड मिकी मँटल या गाजलेल्या खेळाडूचे. त्याची एक उत्कृष्ट प्रत २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली. गंमत अशी की छपाईच्या तक्त्यावर मँटल दोनदा होता. म्हणजे त्याची कार्डे त्याच मालिकेतल्या बहुतेक कॉमनांपेक्षा जास्त निघाली.

संख्या जुळली तरी अवस्थेचा प्रश्न राहतो. मुले गठ्ठ्याला रबरबँड लावत, त्यात वरचे आणि खालचे कार्ड चेपत असे. म्हणून याच संचातले १ क्रमांकाचे अँडी पॅफ्कोचे कार्ड धड कडांचे मिळणे कठीण. कडा कातरून कोरे भासवलेले कार्ड हा बाजारातला जुना धोका आहे. १९९१ मध्ये सुरू झालेल्या पीएसएसारख्या संस्था कार्ड तपासून १ ते १० गुण देतात आणि ते प्लॅस्टिकच्या डबीत बंद करतात. सगळा संच एकाच दर्जाचा हवा, असा हट्ट धरणारे आहेत. कोपरे झिजलेली कार्डे चालवून घेणारा त्यांच्या आधी संच संपवतो, आणि पैसेही वाचवतो.

पुढे टॉप्सने संचातच ‘चेकलिस्ट’ कार्डे घातली : क्रमांकांची यादी आणि खूण करायला चौकोन. मिळालेल्या कार्डापुढे मुलांनी पेन्सिलीने खुणा केल्या, कार्ड त्यासाठीच तर होते. आज संच लावणाऱ्याला बिनखुणेची चेकलिस्ट लागते, आणि तिच्यासाठी तो चांगले पैसे मोजतो.