टिशू की ऑर्गान्झा? झिरझिरीत साड्यांचा घोळ

लग्नसराईत साडीच्या दुकानात 'टिशू दाखवा' म्हटलं की समोर जो ढीग पडतो, त्यात हमखास चार ऑर्गान्झा मिसळलेल्या असतात. दुकानदार फसवतोच असं नाही, फरक सांगायची त्याला गरज वाटत नाही इतकंच. दोन्ही साड्या आरपार दिसणाऱ्या, दोन्ही कडक, दोन्हींच्या निऱ्या फुगतात. त्यात 'टिशू ऑर्गान्झा' असं जोडनाव लावलेला माल आल्यापासून तर विचारूच नका.

फरक खरं म्हणजे सरळ आहे. टिशूला कडकपणा आणि चमक देते ती जर, म्हणजे सोनेरी-रुपेरी तारेचा धागा. ऑर्गान्झाला ताठ ठेवतो तो रेशमातला डिंक.

टिशूच्या विणीत उभा धागा, म्हणजे ताणा, बारीक रेशमाचा किंवा सुताचा असतो आणि आडवा, म्हणजे बाणा, जरीचा. काठापदरापुरती जर नव्हे, अंगभर. त्यामुळे ताणा गुलाबी असेल तर साडी धड गुलाबी दिसत नाही आणि धड सोनेरीही नाही. नेसणारी वळली की कधी हा रंग वर येतो, कधी तो. केरळात ओणमला नेसतात त्या सोनेरी झाक असलेल्या साडीत सुती ताण्यावर जरीचा बाणा असतो, तीही टिशूच. बनारस, चंदेरी, कांचीपुरम इथे टिशू विणतात आणि येवल्याच्या दुकानांत टिशू पैठणीही मिळते. जरतार अस्सल असेल तर धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा दिलेला असतो. आपल्याकडचा जुना शब्द कलाबतू. आज मात्र बाजारातल्या बहुतेक साड्यांत तांब्याची तार किंवा चकचकीत प्लॅस्टिकची पट्टी असते. ती वाईटच असं नाही, पण किंमत सांगताना तिला चांदी म्हणू नये.

ऑर्गान्झात जरीचा संबंध नाही. असलीच तर काठाला किंवा बुट्टीत. कोशातून काढलेल्या रेशमावर सेरिसिन नावाचा नैसर्गिक डिंक असतो आणि कच्च्या रेशमाच्या वजनात त्याचा वाटा सुमारे पाव भरतो. एरवी साबणाच्या पाण्यात उकळून तो काढून टाकतात. मग रेशीम मऊ होतं, अंगाला धरून पडतं. ऑर्गान्झात तो तसाच राहू देतात, धाग्याला पीळ देतात आणि साध्या विणीत विरळ विणतात. बनारसकडे याच अर्थाने 'कोरा' म्हणतात. पॉलिएस्टरच्या ऑर्गान्झात डिंक वगैरे काही नसतो, तो धागाच मुळात ताठ. हजार-बाराशेला मिळते ती साडी बहुधा हीच.

नावं कुठून आली ते पाहिलं की गुंता आणखी सुटतो. 'टिशू'चं मूळ लॅटिनमधलं विणण्याचं क्रियापद. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'तिस्यू' म्हणजे विणलेलं. इंग्रजीत गेल्यावर मात्र ते साधंसुधं कापड राहिलं नाही, सोन्यारुप्याच्या तारांचं झालं. १५७४ साली पहिल्या एलिझाबेथ राणीने कोणी काय ल्यावं याचे जे नियम जाहीर केले, त्यांत सोन्याचं टिशू राजघराण्यासाठी आणि वरच्या दर्जाच्या सरदारांसाठी राखून ठेवलं होतं. अशा कापडाच्या घड्यांमध्ये घालायचा पातळ कागद तो टिशू पेपर, असं त्या नावाचं मूळ सांगतात. म्हणजे नाक पुसायच्या कागदाचं खानदान थेट दरबारी! पुढे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ बिशा याने १८०१ मध्ये सूक्ष्मदर्शकाला हात न लावता शरीरातल्या 'विणींचे' २१ प्रकार सांगितले आणि शब्द वैद्यकात स्थिरावला. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातली 'ऊती'ही संस्कृतातल्या विणण्याच्याच धातूशी जोडलेली आहे. 'ओतप्रोत'मधला 'ओत' त्याच घरचा.

ऑर्गान्झाचं नाव विणीवरून नाही, धाग्यावरून आलं. ऑर्गान्झिन म्हणजे दोन-तीन पीळदार रेशमी धागे एकत्र करून उलट दिशेने पुन्हा पिळलेला, ताण्यासाठीचा मजबूत धागा. नावाचा माग मध्य आशियातल्या उरगेंच या जुन्या व्यापारी शहरापर्यंत काढतात. धागा पिळण्याची यंत्रं इटलीतल्या पिएमाँतमध्ये होती आणि तिथे ते गुपित जिवापाड जपलं जाई. इंग्रज जॉन लोंब तिथे जाऊन ते घेऊन आला, त्याचा सावत्र भाऊ थॉमस याने १७१८ मध्ये पेटंट मिळवलं आणि डर्बीला नदीकाठी गिरणी उभी राहिली. सरळ भाषेत चोरीच.

आता दुकानात काय बघायचं? पदराच्या टोकाला सुटलेल्या दशा असतील तिथे एक आडवा धागा नखाने उकला. वरची पट्टी सुटून आतून वेगळाच धागा निघाला तर ती जर, म्हणजे टिशू. नुसताच पीळदार, काचेसारखा धागा निघाला तर ऑर्गान्झा. दशा नसतील तर एक कोपरा मुठीत दाबून सोडा. तारेच्या जरीची टिशू चुरगळलेली तशीच राहते. ऑर्गान्झा बरीचशी उसळून उघडते, रेशमी असेल तर घडीची रेघ ठेवते. प्लॅस्टिकच्या जरीवर ही मुठीची परीक्षा चालत नाही, तिथे धागाच उकलावा लागतो.

चंदेरी टिशू मात्र दोन्ही घरांत पाय ठेवून आहे. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचा आश्रय लाभलेल्या या विणकामात रेशमाचा ताणा पारंपरिक पद्धतीने डिंक न काढता वापरतात आणि टिशूत त्यावर जरीचा बाणा घालतात. 'टिशू ऑर्गान्झा' हे नाव कुठे शोभत असेल तर ते इथे. पण चंदेरीचा विणकर त्याला चंदेरी टिशूच म्हणणार.

घरी आणल्यावरही दोघींची दुखणी निराळी. टिशू वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवली तर त्या रेघेवर तार मोडते, म्हणून अधूनमधून घडी बदलायची, मलमलीत गुंडाळायची, अत्तर लांब ठेवायचं. चांदीची जर दमट हवेत काळवंडते. ऑर्गान्झाला पिनेची भीती, धागे सरकून भोक मोठं होतं. पाण्याचे थेंब पडले की रेशमी ऑर्गान्झावर डागही उमटतात.

आजीची टिशू कपाटात असेल तर जुन्या जरीच्या साड्या घेणाऱ्याला दाखवण्याआधी जर चांदीची आहे का ते सोनाराकडून बघून घ्या. हे लोक साडी जाळून चांदी काढतात आणि टिशूत जर अंगभर असते, तेव्हा काठाच्या साडीचा भाव तिला लावू देऊ नका. ऑर्गान्झा पुढे केलीत तर तो माणूस हातही लावणार नाही.