ॲव्हरेजसाठी कार्बुरेटरचा स्क्रू फिरवून घेण्याआधी
(जुन्या मोटारसायकली वापरणाऱ्या आमच्या इंदूरच्या ग्राहकांसाठी)

"स्क्रू जरा आवळून द्या, ॲव्हरेज वाढेल," ही मागणी आमच्याकडे रोज होते. ती आम्ही पुरी करत नाही. का, ते या पत्रकात सांगितले आहे.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे मानक लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांना फ्युएल इंजेक्शन आले. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत मात्र हवा आणि पेट्रोलचे मिश्रण कार्बुरेटरच ठरवतो. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने 1 भागाला 14.7 भाग हवा लागते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून आता पंपावर मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास हवा पुरते. जेट (पेट्रोल मापून सोडणारे बारीक भोक) जुनाच राहिला की गाडी आपोआप थोडी लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त अशी चालते. अशा गाडीचे पेट्रोल आणखी तोडणे तिच्या जिवावर बेतते.

शिवाय तो स्क्रू मुख्यतः स्लोवर (ॲक्सिलरेटर न देता इंजिन नुसते चालू असताना) आणि पाव ॲक्सिलरेटरपर्यंतच काम करतो. पावपासून पाऊणपर्यंत कार्बुरेटरमधली सुई आणि तिची उंची ठरवणारी क्लिप, त्यापुढे मेन जेट. रिंग रोडवर 50 च्या वेगाने जाताना पेट्रोल सुईच्या बाजूने येते. स्क्रू फिरवून तिथे काय वाचणार? आणि सुई किंवा मेन जेटच लीन केला तर ताकद घटते, ॲक्सिलरेटर जास्त पिळावा लागतो, भेरूघाट चढताना इंजिन तापते आणि शेवटी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. वाचवलेल्या पेट्रोलपेक्षा हेडचे काम कितीतरी महाग पडते.

स्क्रूला हात लावण्याआधी

एअर फिल्टर, प्लग आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आधी पाहावेत. फिल्टर धुळीने भरला असेल तर मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी असे होते. ते स्क्रूने झाकले, तर फिल्टर बदलल्यावर गाडी लीन पडते. कार्बुरेटर आणि इंजिनमधल्या रबराला चीर असेल तर तिथून हवा ओढली जाते. गाडी स्लोवर ठेवून त्या सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा. रेस (इंजिनची गती) बदलली तर गळती तिथेच आहे. जेटमध्ये तार कधीही घालू नये. भोक किंचित जरी मोठे झाले तरी जेट वाया जातो. क्लीनर आणि हवेचा दाब पुरेसा असतो.

स्लो लावण्याची पद्धत

गाडी दहा मिनिटे चालवून गरम करा, चोक पूर्ण बंद. स्क्रू कुठे आहे ते नीट पाहा, इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू: बाहेर काढला की मिश्रण लीन. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा: बाहेर काढला की रिच.

इंजिन बंद करून स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या. जोर लावला तर टोकाला खाच पडते आणि मग तो कधीच नीट लागत नाही. तिथून दीड ते दोन फेरे बाहेर काढून गाडी सुरू करा. रेसच्या स्क्रूने स्लो थोडा वाढवा, मग मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा दोन्हीकडे फिरवून रेस सर्वात जास्त कुठे चढते ते शोधा. दर पाव फेऱ्यानंतर काही सेकंद थांबा, इंजिनला बदल दाखवायला वेळ लागतो. ती जागा मिळाली की स्लो परत खाली आणा. कम्युटर गाड्यांना साधारण 1,300 ते 1,500 आरपीएम. तीन फेऱ्यांच्या पुढे जावे लागले किंवा अर्ध्या फेऱ्यातच थांबावे लागले, तर पायलट जेट (स्लोचे पेट्रोल सोडणारा) चोंदलेला किंवा चुकीच्या नंबरचा आहे.

मधल्या रेसला गाडी अडखळत असेल तर सुईची क्लिप एक खाच खाली लावावी. सुई वर येते आणि मिश्रण रिच होते. एका वेळी एकच खाच.

तपासायला प्लग पाहा. फिकट तपकिरी ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे रिच, पांढरा फटक म्हणजे लीन. पीयूसीच्या कागदावरचे आकडेही उपयोगी पडतात: सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त असेल तर मिश्रण रिच, सीओ कमी पण एचसी (न जळलेले पेट्रोल) जास्त असेल तर मिसफायर (पेट्रोल मधूनच न पेटणे) शोधावा. रेस सोडल्यावर सायलेंसरमध्ये फटफट होत असेल तर लीनचा ठपका ठेवण्याआधी सायलेंसरची गॅस्केट पाहावी.

ऋतू आणि उंची

महेश्वरला उतरायचे म्हणून जेट बदलायची गरज नाही. मेची 42 अंशांची दुपार आणि जानेवारीची 8 अंशांची पहाट यांत मात्र हवेच्या घनतेत सुमारे 12 टक्के फरक पडतो. थंडीत गाडी चोकवाचून चालू राहत नसेल तर स्क्रू रिचकडे पाव फेरा पुरतो.

पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून, इंजिन थंड असताना आणि मोकळ्या जागेत, फ्लोट बाऊलचा (कार्बुरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीचा) ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काढून घ्या. इथेनॉलचे पेट्रोल ओलावा धरते आणि पहिल्यांदा पायलट जेटच बुजतो. ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकत असेल तर फ्लोटच्या सुईखाली (ही वाटीत येणारे पेट्रोल अडवते) कचरा अडकला आहे. तशी गाडी घरात ठेवू नका.

ट्यूनिंगसाठी गाडी आदल्या संध्याकाळी सोडा. टॅपेट थंड इंजिनवरच मोजावे लागतात. सोबत शेवटचा पीयूसीचा कागद आणा आणि त्रास स्लोवर होतो, मधल्या रेसला की पूर्ण रेसला, तेवढे सांगा.