बाजाराची पिशवी कुठनं आली, कुठं गेली

सध्या घरी पिशव्या शिवायचं बरंच चाललंय, व्हिडिओ बघून लोक मुद्दाम मीटर-दोन मीटर कापड आणून शिवतायत. शिवतायत हे चांगलंच आहे, पण आपल्याकडं हे काम जुनंच आहे आणि मुळात ती पिशवी नव्या कापडाची कधी नव्हतीच, ते कुठंतरी राहून जातंय म्हणून मागचं थोडं सांगते.

कोल्हापूरला कापडाचा तुटवडा म्हणावा तर तसंही नाही. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग लावला आणि दोनच वर्षांनी, १९०६ ला, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात शाहू मिलची सुरुवात केली. तरीपण बाजाराच्या पिशवीसाठी ताग्यातलं कापड कुणी फाडत नव्हतं. आधी ते अंगावर झिजायचं, विरलेल्याची वाकळ व्हायची, आणि जो भाग अजून घट्ट आहे तेवढ्याची पिशवी. आमच्या आज्जीची पिशवी आजोबांच्या खाकी पँटची होती. पायाची नळी तशीच घ्यायची म्हंजे बाजूची शिवण आयतीच मिळते, खालनं दुहेरी टीप, वर दोन बोटं दुमड, त्या दुमडीत पट्ट्यांची टोकं सारायची आणि तिथं टिपेचा चौकोन मारून आत फुली. पायमशीनवर ती फुली मारताना आज्जी कुणाशी बोलायची नाही, कारण सगळं वजन तिथंच येतं आणि पिशवी फाटते ती तिथंच. रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं कांदे-बटाटे खाली, वांगी-दोडका मध्ये आणि वर मेथी असं भरून आणायची, घरी आलं की उलटी करून माती झटकायची आणि परत खुंटीला.

मग आली कॅरीबॅग. एका अखंड नळीतनं कान असलेली ही पिशवी स्वीडनच्या सेलोप्लास्ट कंपनीतल्या स्टेन गुस्ताफ थुलिन ह्यांनी काढली, १९६५ ला तिचं अमेरिकन पेटंट मिळालं. त्यांच्या मुलानं नंतर सांगितलंय की कागदी पिशव्यांसाठी झाडं तोडतात म्हणून वडलांनी ही केली आणि ते स्वतः एक घडी घालून खिशात ठेवायचे, परत परत वापरायला. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण आमच्याकडं ती आली ती फुकट आणि एकदा वापरून टाकायला म्हणूनच. भाजीवाल्या मावशीनंच पिशवी द्यायला लागल्यावर घरनं कोण नेतंय.

ती पिशवी किती महागात पडली ते पुरानं दाखवलं. बांगलादेशात १९८८ आणि १९९८ च्या पुरात पिशव्यांनी गटारी तुंबल्या, त्यांनी २००२ लाच बंदी घातली. मुंबईत २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, नाले तुंबण्यात पिशव्यांचाही हात होता, मग आपल्या राज्यानं २००६ ला ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या बंद केल्या. नियम कागदावर आणि पिशव्या बाजारात असं बरीच वर्षं चाललं. पुढं २३ मार्च २०१८ ला राज्याची मोठी बंदी निघाली, पहिला दंड ५ हजार, आणि जूनच्या २३ तारखेपासनं कारवाई. देशभरात एकदाच वापरायच्या ठराविक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली १ जुलै २०२२ ला. मधे २०१९ चा आमचा पूर, पाणी उतरल्यावर पंचगंगेकाठच्या बाभळींना माणसाच्या डोक्याच्या वर पिशव्या लोंबत होत्या, ते मी अजून विसरले नाही.

बंदीनंतर जी कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी सगळीकडं आली, ती कापड नाहीच, ते नॉन-वोव्हन पॉलिप्रॉपिलीन, म्हंजे प्लास्टिकच, आणि २०१८ च्या बंदीत तीपण होती. उन्हात ठेवली की तिचा भुगा होतो, आणि धुऊन किती दिवस टिकणार ती.

आणि नव्या सुती कापडाचा पण हिशोब आहे. ब्रिटनच्या पर्यावरण खात्यानं २०११ च्या अहवालात मांडलं की हवामानाच्या दृष्टीनं सुती पिशवी १३१ वेळा वापरली तर कुठं ती एकदाच वापरलेल्या साध्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते, कारण कापूस पिकवायला आणि कापड करायला पाणी, खत, वीज सगळं लागतं. आठवड्याला एक बाजार धरला तर अडीच वर्षं झाली. जुन्या पँटच्या, चादरीच्या पिशवीला हा हिशोब लागत नाही, त्या कापडाचं जे काय लागायचं ते अंगावर असतानाच लागून गेलेलं असतं, म्हणून कापड विकत आणायच्या आधी कपाटाचा खालचा कप्पा बघा एवढंच माझं म्हणणं. आज्जीची ती खाकी पिशवी आई अजून नेते, पट्टे दोनदा बदलले, तळ एकदा, पण नळी तीच.